वाचक विचारतात: राज्यसभेत दिवसभर नेमकं चालतं काय?

अधिवेशन सुरू झालं की या सदराकडे एकाच सुरातले मेल यायला लागतात, "हे लोक तिथे करतात तरी काय". यावेळी जरा जास्तच आले आणि त्यातले बरेचसे राज्यसभेबद्दल होते, म्हणून म्हटलं या अंकात फक्त तेवढंच घेऊ. विधान परिषदेवरचे प्रश्न बाजूला काढून ठेवलेत, ते नागपूर अधिवेशनाच्या वेळी.

प्रश्न: ताई, संसद टीव्ही लावला की अकराला कामकाज सुरू होतं आणि पंधरा मिनिटांत तहकूब. पूर्ण दिवस नीट चालला तर तो असतो कसा, हे मला आजवर बघायलाच मिळालं नाही. सांगाल का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, नीट चाललेला दिवस टीव्हीवर इतका कंटाळवाणा दिसतो की तुम्ही बहुतेक तो लागलेला असताना चॅनल बदलला असेल.

अकराच्या आधी घंटी वाजते, मग मार्शल सभापती आल्याची मोठ्याने घोषणा करतात, सगळे उभे राहतात, नमस्कार चमत्कार होतात आणि सभापती खुर्चीत बसतात. सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती, ते पदसिद्ध असतात. सध्याचे सी. पी. राधाकृष्णन, म्हणजे आपल्याकडे राज्यपाल होते तेच. एखाद्या माजी सदस्याचं निधन झालं असेल तर श्रद्धांजली, दोन मिनिटं स्तब्धता. मग मंत्री एकेक करून उठतात आणि "माझ्या नावापुढची कागदपत्रं पटलावर ठेवतो" एवढंच म्हणून बसतात. हे ऐकायला अगदी निरस, पण महामंडळांचे वार्षिक अहवाल, कॅगचे अहवाल, सरकारने काढलेल्या अधिसूचना, समित्यांचे रिपोर्ट हे सगळं याच पाच दहा मिनिटांत सार्वजनिक होतं. पत्रकारांच्या कितीतरी बातम्या इथूनच निघतात, भाषणांतून नाही.

त्यानंतर येतो तो सव्वाअकराचा घोळ, जो तुम्ही रोज बघता. नियम 267 खाली विरोधकांच्या नोटिसा आलेल्या असतात. या नियमाचा अर्थ असा की आजचं ठरलेलं कामकाज बाजूला ठेवा आणि आधी आमचा विषय घ्या. सभापती सांगतात नोटिसा आल्यात पण नामंजूर, विरोधक उभे राहतात, घोषणा, काहीजण वेलमध्ये (सभापतींच्या खुर्चीपुढची मोकळी जागा), आणि तहकूब. 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदीवर अशी चर्चा झाली होती, त्यानंतर हा दरवाजा उघडल्याचं मला तरी आठवत नाही. खरं सांगू का, नोटीस देणाऱ्यालाही माहीत असतं की ती फेटाळली जाणार आणि फेटाळणाऱ्यालाही माहीत असतं की मग गोंधळ होणार. नियम 176 खाली अल्पकालीन चर्चा मागता येते, नियम 180 खाली लक्षवेधी मांडता येते, पण ते मिळायला दोन्ही बाजूंनी बसून बोलावं लागतं आणि तिथेच गाडी अडते. माझ्या मते दोष दोघांचाही आहे, पण सभागृह चालवायची पहिली जबाबदारी सरकारची, कारण तहकुबीने नुकसान विरोधकांचं जास्त होतं. सरकारची बिलं गोंधळातही पास होतात, विरोधकांचे प्रश्न मात्र गोंधळात वाहून जातात.

गोंधळ झाला नाही तर बारापर्यंत शून्य प्रहर. एकेका सदस्याला तीन मिनिटं. कोणी कांद्याच्या भावाबद्दल बोलतो, कोणी एखाद्या एक्सप्रेसच्या थांब्याबद्दल, कोणी परदेशात अडकलेल्या कामगारांबद्दल. तीन मिनिटं झाली की माइक आपोआप बंद, वाक्य अर्धं असलं तरी. बाकीच्या सदस्यांना तोच विषय पटला तर ते चिठ्ठी पाठवून आपलं नाव त्याला जोडतात आणि सभापती ती नावं वाचतात. मंत्र्याने लगेच उत्तर द्यायलाच पाहिजे असं बंधन नाही, आणि गंमत म्हणजे शून्य प्रहर हा शब्द नियमांच्या पुस्तकात नाहीच, तो आपल्या संसदेत रूढ होत गेलेला प्रकार. बारा ते एक प्रश्नोत्तरं, एक ते दोन जेवण, दोन ते सहा बिलं आणि चर्चा. बस, हा झाला दिवस.

प्रश्न: प्रश्नोत्तराच्या तासात खासदार उठतात, "प्रश्न क्रमांक अमुक" म्हणतात आणि मंत्री म्हणतात "उत्तर पटलावर ठेवलंय". प्रश्न काय होता ते कळतच नाही. ही काय पद्धत? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, लातूर)

तुझ्या परीक्षेला पण उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रश्न आणि उत्तर दोन्ही आधीच छापील असतात, सदस्यांच्या हातात असतात, म्हणून वाचत बसत नाहीत. प्रश्नाची नोटीस साधारण 15 दिवस आधी द्यावी लागते. इतक्या नोटिसा येतात की बॅलट, म्हणजे सोडत, काढावं लागतं आणि त्यातून राज्यसभेत रोज 15 तारांकित प्रश्न निवडले जातात (लोकसभेत 20). तारांकित म्हणजे ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. ज्याचा प्रश्न आहे त्याला दोन पूरक, मग इतरांना एकेक. शिवाय रोज 160 पर्यंत अतारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरं फक्त लेखी. मंत्रालयांचे गट पाडलेत आणि आठवड्याचे वार वाटून दिलेत, त्यामुळे हवा तो मंत्री हव्या त्या दिवशी सापडत नाही.

आता खरी मजा पूरक प्रश्नात. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं, गुळगुळीत, "माहिती गोळा करण्यात येत आहे" छापाचं. पूरक प्रश्न काय येणार हे मात्र मंत्र्याला माहीत नसतं. अधिकारी गॅलरीत फायली घेऊन बसलेले असतात, चिठ्ठ्या आत जातात, आणि मंत्र्याचा अभ्यास आहे की नाही हे दोन मिनिटांत उघडं पडतं. पण आपल्या कित्येक खासदारांना पूरक प्रश्न विचारायचा असतो आणि ते भाषण करतात, आधी दीड मिनिट प्रस्तावना, मग आपल्या जिल्ह्याचा इतिहास, मग सभापती म्हणतात प्रश्न विचारा, आणि शेवटी प्रश्न येतो तो असा की सरकार यात लक्ष घालणार का. मंत्री म्हणतो हो घालणार. झालं, संपला विषय! जे मुरलेले असतात ते एका ओळीत आकडा मागतात, किंवा तारीख मागतात. त्याचं उत्तर टाळलं तर टाळलेलं दिसतं.

अजून एक, पूर्वी प्रश्नोत्तरांचा तास राज्यसभेतही अकरालाच असायचा. रोज सकाळचा गोंधळ नेमका त्याच्यावरच यायचा म्हणून 2014 मध्ये हमीद अन्सारी सभापती असताना तो बाराला नेला. कल्पना चांगली होती. गोंधळही पाठोपाठ बाराला आला, हा भाग वेगळा.

आणि अभ्यास करायचा असेल तर अतारांकित उत्तरं वाच. राज्यवार तक्ते असतात, सरकारच्या सहीशिक्क्याचे आकडे, आणि सभागृह दिवसभर बंद पडलं तरी लेखी उत्तरं पटलावर जातातच.

प्रश्न: सचिन तेंडुलकरला राज्यसभेत बोलू दिलं नाही म्हणतात, ते खरं का? अडवलं कोणी? (क्रिकेटवेडा, डोंबिवली)

खरं आहे, पण "परवानगी दिली नाही" असं नाही झालेलं. 21 डिसेंबर 2017. सचिन तेव्हा राष्ट्रपतीनियुक्त खासदार (2012 ते 2018), विषय होता खेळण्याचा हक्क आणि देशातल्या खेळाचं भवितव्य, अल्पकालीन चर्चा त्याच्याच नावावर लागलेली. सभापती व्यंकय्या नायडूंनी नाव पुकारलं, सचिन उभा राहिला, पण त्यावेळी काँग्रेसचे सदस्य मनमोहन सिंगांबद्दल प्रचारसभेत झालेल्या वक्तव्यावरून पंतप्रधानांच्या माफीची मागणी करत होते, ते काही खाली बसले नाहीत. सचिन बराच वेळ नुसता उभा, सभापती विनवण्या करतायत, आणि शेवटी सभागृह तहकूब. दुसऱ्या दिवशी त्याने ते भाषण फेसबुकवर व्हिडिओ करून टाकलं आणि सभागृहात ऐकलं असतं त्याहून कितीतरी जास्त लोकांनी ऐकलं. पण सभागृहाच्या इतिवृत्तात ते भाषण नाही.

तुम्ही पुढे विचारलंय की सभापती अशांना बाहेर का काढत नाहीत. काढता येतं, त्या दिवसापुरतं बाहेर जायला सांगता येतं. पण निलंबन करायचं तर राज्यसभेत सभापती एकटे नाही करू शकत, ते नाव घेतात, मग ठराव मांडला जातो आणि सभागृह तो मंजूर करतं. 2023 च्या हिवाळी अधिवेशनात राज्यसभेचे 46 सदस्य असे बाहेर होते. इतके बाहेर गेल्यावर आत शांतता होती हे खरं, पण त्या शांततेत मोठमोठे कायदे चर्चेला आले आणि विरोधी बाकांवर बोलायला माणसं नव्हती. मला विचाराल तर त्यापेक्षा गोंधळ परवडला.

प्रश्न: बिलावर चर्चा चालू असते आणि मागे बाकं रिकामी. पगार, भत्ते सगळं चालू असतं ना? (गृहिणी, नाशिक)

चालू असतं. एप्रिल 2023 पासून खासदाराचा पगार महिना 1 लाख 24 हजार आणि हजर असेल त्या दिवसाचा भत्ता 2,500 रुपये. हजेरी लावली की भत्ता, आत किती वेळ बसलात ते कोणी मोजत नाही.

तुमचा राग योग्यच आहे, पण रिकामं बाक म्हणजे खासदार झोपलाय असंही नाही हो. दुपारी अनेकजण स्थायी समितीच्या बैठकीत असतात. मंत्रालयांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या अशा 24 समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य, तिथे कॅमेरा नसतो म्हणून तिथे पक्षाचे झेंडे बाजूला ठेवून बरंच बरं काम होतं, सचिवांना बोलावून उलटतपासणी घेतात. काहीजण जुन्या संसदेतल्या सेंट्रल हॉलच्या गप्पांच्या आठवणी काढत कँटीनमध्ये असतात, तेही आहेच.

कोरम, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे 245 च्या सभागृहात 25. त्याहून कमी असले तरी कोणी बोट दाखवेपर्यंत कामकाज चालू राहतं. दाखवलं की घंटी वाजते आणि लॉबीतून माणसं पळत येतात. संध्याकाळी पाचनंतर अशी घंटी ऐकू आली की समजायचं कोणालातरी घरी जायचंय किंवा कोणालातरी बिल अडवायचंय.

प्रश्न: राज्यसभेला अधिकारच नाहीत, लोकसभेने पास केलं की इथे फक्त शिक्का मारतात, असं आमच्या ग्रुपवर एकजण ठासून सांगतो. एका मताने वगैरे तिथे काही फरक पडतो का? (बँक कर्मचारी, कोल्हापूर)

तुमच्या ग्रुपवरच्या त्या मित्राला 5 सप्टेंबर 1970 सांगा.

संस्थानिकांचे तनखे बंद करायची घटनादुरुस्ती. लोकसभेत पास होऊन आलेली, इंदिरा गांधींची प्रतिष्ठा पणाला लागलेली. घटनादुरुस्तीला हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. राज्यसभेत बाजूने 149 पडली, विरोधात 75. एकूण 224, त्याचे दोन तृतीयांश किती? 149.33. म्हणजे एक मत सुद्धा नाही, एक तृतीयांश मत कमी पडलं आणि बिल कोसळलं! सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली, तो आदेश त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात पडला, आणि तनखे बंद झाले ते 1971 च्या निवडणुकीनंतर 26 व्या घटनादुरुस्तीने. 1989 मध्ये राजीव गांधींची पंचायती आणि नगरपालिकांची घटनादुरुस्ती पण राज्यसभेतच अडकली, आणि घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची पळवाट नाही. साध्या बिलाला आहे, पण ती आजवर तीनदाच वापरली गेली, 1961 ला हुंडाबंदी, 1978 ला बँकिंग सेवा आयोग, आणि 2002 ला पोटा हा दहशतवादविरोधी कायदा.

मतदानाचं म्हणाल तर रोजच्या कामात आवाजी मतदान. बिलाची चर्चा संपली की कलमागणिक घेतात, कलम 2, 3, 4 असं करत शेवटपर्यंत आणि कलम 1 सगळ्यात शेवटी, का तर त्यात कायद्याचं नाव असतं. "बाजूने असतील त्यांनी होय म्हणा, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणा," मग पीठासीन अधिकारी कानाने ठरवतात. कोणी मतविभाजन मागितलं तर घंटी वाजते, लॉबी मोकळी करतात, दारं बंद होतात, आणि बाकावरच्या बटणाने मतं पडतात. बंद दाराबाहेर राहिलेला कितीही मोठा नेता असो, तो राहिला.

इथेच 20 सप्टेंबर 2020 चा वाद आठवा, शेती कायदे. विरोधक मतविभाजन मागत होते, उपसभापतींचं म्हणणं होतं की मागणारे आपल्या जागेवर नाहीत, आणि प्रचंड गोंधळात आवाजी मतदानाने दोन बिलं मंजूर. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित. पुढे वर्षभर दिल्लीच्या सीमेवर काय झालं आणि 2021 च्या नोव्हेंबरात तेच कायदे कसे मागे घेतले हे सगळ्यांना माहितीये. मला वाटतं त्या दिवशी दहा मिनिटं थांबून सगळ्यांना जागेवर बसवून बटण दाबायला लावलं असतं तर निदान कोण कुठे होतं हे कायमचं नोंदवलं गेलं असतं. आवाजी मतदानात ना बाजूने कोण ते कळतं ना विरोधात कोण, आणि कित्येक खासदारांना तेच सोयीचं असतं.

याच्या बरोबर उलटं उदाहरण आपल्याच माणसाचं. 9 मार्च 2010, महिला आरक्षण विधेयक. आदल्या दिवशी कागद फाडाफाडी, त्या दिवशी सात सदस्य निलंबित आणि मार्शल बोलावून त्यांना उचलून बाहेर नेलं. मग मतदान. बाजूने 186, विरोधात 1. तो एक म्हणजे महाराष्ट्रातून गेलेले शेतकरी नेते शरद जोशी. त्यांची भूमिका पटो न पटो (मला नाही पटली), पण सभागृहात बसून, सगळ्या देशाचा मूड उलटा असताना, एकट्याने नाहीचं बटण दाबलं आणि ते रेकॉर्डवर आहे. ते बिल पुढे लोकसभेत पडून राहिलं आणि 2014 ला लोकसभेबरोबर संपलं. नवीन बिल 21 सप्टेंबर 2023 ला रात्री राज्यसभेत आलं तेव्हा 214 विरुद्ध शून्य.

प्रश्न: मग बजेट नाकारू शकते का राज्यसभा? (तेच, कोल्हापूर)

नाही. चर्चा करते, कधी कधी लोकसभेपेक्षा चांगली करते, पण मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान नाही. धन विधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशांबद्दलचं बिल, आलं तर 14 दिवसांत शिफारशींसह परत पाठवायचं, नाही पाठवलं तरी मंजूर झालं असं धरतात. कुठलं बिल धन विधेयक हे ठरवतात लोकसभेचे अध्यक्ष, म्हणून त्यावरून भांडणं होतात. तुमच्या मित्राला एवढा पॉइंट देऊन टाका.

प्रश्न: राज्यसभेत मराठीत बोलता येतं का? आपले खासदार हिंदीतच का बोलतात? (वाचक, परभणी)

येतं की. आठव्या अनुसूचीतल्या 22 च्या 22 भाषांत बोलता येतं, 2018 पासून सगळ्यांचे दुभाषे आहेत, आधी कळवून ठेवायचं म्हणजे दुभाषा बूथमध्ये तयार असतो आणि बाकीचे हेडफोन लावून ऐकतात. महाराष्ट्राचे 19 सदस्य आहेत तिथे. हिंदीत बोलण्याचं कारण सरळ आहे, मंत्र्याला थेट ऐकवायचं असतं आणि क्लिप देशभर फिरवायची असते. तरी तमिळनाडूचे सदस्य तमिळमध्ये बोलून आपला मुद्दा व्यवस्थित पोचवतात, तेव्हा अडचण दुभाष्याची नाही.

प्रश्न: शुक्रवारी दुपारी वेगळंच काहीतरी चालतं, मंत्री नसलेले खासदार बिल मांडतात. याचा उपयोग काय, ती कधी पास होतात का? (कायद्याचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

जवळजवळ कधीच नाही. संसदेच्या इतिहासात अशी 14 बिलं कायदा झाली आणि शेवटचं 1970 चं. तरी मला विचारशील तर आठवड्यातली सगळ्यात ऐकण्यासारखी चर्चा शुक्रवारी दुपारचीच असते. बहुतेक पक्षांचा व्हिप (मत कसं द्यायचं याचा पक्षादेश) नसतो, टीव्हीवाले निघून गेलेले, अर्धे खासदार विमानतळाच्या वाटेवर, आणि जे पंधरावीस उरतात ते खरोखर त्या विषयात रस असलेले. लोक एकमेकांचं ऐकून आपलं मत बदलताना मी शुक्रवारीच पाहिलंय. सहसा शेवट ठरलेला, मंत्री म्हणतात भावना चांगली आहे, सरकार विचार करेल, कृपया मागे घ्या, आणि सदस्य मागे घेतात.

24 एप्रिल 2015 ला मात्र द्रमुकच्या तिरुची सिवांनी मागे घेतलं नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं बिल होतं. मंत्र्यांनी विनंती केली, ते ठाम राहिले, आणि राज्यसभेने आवाजी मतदानाने एकमताने ते मंजूर केलं, 45 वर्षांनी असं घडलं. लोकसभेत ते पुढे गेलं नाही पण सरकारला स्वतःचं बिल आणावं लागलं, त्याचा कायदा 2019 ला झाला. त्या कायद्यावर समाजातल्या लोकांचे बरेच आक्षेप आहेत, तो विषय मोठा आहे, वेगळा घेऊ कधीतरी.

प्रश्न: एखाद्या खासदाराने नेमकं काय म्हटलं हे तपासायचं असेल तर व्हॉट्सॲपवरच्या क्लिपवर किती विश्वास ठेवायचा? (वाचक, पुणे)

क्लिपवर नकोच. राज्यसभेच्या वेबसाईटवर तारखेनुसार पूर्ण कामकाज शब्दशः मिळतं, प्रश्नांची उत्तरं वेगळी मिळतात आणि नावाने शोधता येतात. मधेच कुठे तीन चार फुल्या दिसल्या तर समजा की ते शब्द सभापतींनी कामकाजातून काढलेत, म्हणजे क्लिपमध्ये असतील पण रेकॉर्डमध्ये नसतील. आणि "व्यत्यय" असं कंसात पानभर दिसलं तर तो दिवस सोडून द्या, पुढची तारीख उघडा.